व्हिनेगरची एक चूळ: अँटोनी व्हॅन लेवेनहूक यांचे आयुष्य आणि कृत्रिम सांध्यातला हट्टी जंतुसंसर्ग

तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या गुडघ्याचा सांधा बदलला आहे. वर्षभर सगळे छान होते. मग एक दिवस ऑपरेशनच्या व्रणाजवळ लाली आली, थोडा पू आला. अँटिबायोटिकचा कोर्स घेतला, आठ दिवसांत जागा कोरडी झाली. गोळ्या संपल्या आणि महिन्याभरात पुन्हा तेच. दुसरा कोर्स, पुन्हा आराम, पुन्हा पू. हातात लॅबचा रिपोर्ट आहे. त्यात जंतूचे नाव आहे आणि औषधाच्या नावासमोर ‘सेन्सिटिव्ह’ असे छापले आहे. म्हणजे या औषधाने हा जंतू मरायला हवा. मग तो मरत का नाही?

अशा वेळी सर्जन पुन्हा ऑपरेशनचे नाव काढतात आणि घरात चर्चा सुरू होते. औषध बनावट होते का? डोस कमी पडला का? आणखी जोरदार इंजेक्शन देऊन भागणार नाही का? दुसऱ्या ऑपरेशनचा आग्रह पैशासाठी तर नाही?

हे प्रश्न मला दवाखान्यात नेहमी विचारले जातात. उत्तर देताना मी औषधांपासून सुरुवात करत नाही. हॉलंडमधल्या एका कापड दुकानदाराची गोष्ट सांगतो. तो डॉक्टर नव्हता, कॉलेजात गेला नव्हता. पण त्याने सुमारे ३४० वर्षांपूर्वी स्वतःच्या दातांवर एक साधा प्रयोग केला आणि त्यात तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. त्यांचे नाव अँटोनी व्हॅन लेवेनहूक. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात सूक्ष्मदर्शकाच्या धड्यात तुम्ही हे नाव वाचले असेल.

कापडाच्या दुकानातला मुलगा

लेवेनहूक यांचा जन्म २४ ऑक्टोबर १६३२ रोजी डेल्फ्ट या गावात झाला. वडील टोपल्या विणण्याचा धंदा करत. अँटोनी पाच-सहा वर्षांचे असतानाच ते वारले. आईने दुसरे लग्न केले आणि मुलाला शिकायला दुसऱ्या गावी ठेवले. त्या काळी विद्वानांची भाषा लॅटिन होती. ती त्यांना कधीच आली नाही. आयुष्यभर त्यांनी जे लिहिले ते मातृभाषेत, म्हणजे डचमध्ये.

सोळाव्या वर्षी त्यांना ॲमस्टरडॅमला एका कापड व्यापाऱ्याकडे काम शिकायला पाठवले गेले. कापडाचा पोत आणि धाग्यांची वीण पाहायला कापडवाले भिंग वापरत. भिंगाशी त्यांची ओळख बहुधा इथेच झाली. १६५४ मध्ये ते डेल्फ्टला परतले, लग्न केले, घर घेतले आणि स्वतःचे कापडाचे दुकान टाकले. पुढे गावच्या नगरपालिकेत छोटी पदे मिळाली, जमीन मोजणीचे काम मिळाले, आणि १६७९ मध्ये दारूच्या पिंपांचे माप तपासण्याचे कामही आले. मोजमाप हा या माणसाचा स्वभावच होता.

घरचे आयुष्य मात्र सोपे नव्हते. पाच मुले झाली, त्यांतली चार लहानपणीच गेली. फक्त मारिया ही मुलगी जगली. १६६६ मध्ये पत्नी वारली. दुसरे लग्न झाले, तीही पत्नी त्यांच्या आधीच गेली. मारियाने लग्न केले नाही. ती शेवटपर्यंत वडिलांबरोबर राहिली. ज्या जंतूंमुळे त्या काळी घरोघरी मुले दगावत, तसले जीव पुढे याच माणसाने पहिल्यांदा पाहिले. पण त्यांचा आजाराशी काही संबंध असतो हे त्यांना कळले नाही. तेव्हा ते कुणालाच माहीत नव्हते.

मिरीच्या पाण्यातले जग

लेवेनहूक यांचा सूक्ष्मदर्शक आजच्या लॅबमधल्या यंत्रासारखा नव्हता. दोन इंचांची पितळी पट्टी, तिच्यात छोटे छिद्र, छिद्रात ज्वारीच्या दाण्याहूनही बारीक असे एकच भिंग, आणि भिंगासमोर एक टोकदार खिळा. खिळ्याच्या टोकावर वस्तू लावायची, पट्टी डोळ्याला चिकटवायची आणि उजेडाकडे पाहायचे. अशी शेकडो उपकरणे त्यांनी स्वतः बनवली. आज टिकून असलेल्या उपकरणांपैकी सर्वांत चांगले सुमारे २७० पट मोठे दाखवते. ही भिंगे कशी बनवतात आणि प्रकाश कसा साधतात, यातले काही त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितले नाही.

१६७३ मध्ये डेल्फ्टमधले डॉक्टर रेनियर डी ग्राफ यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून या दुकानदाराकडे लक्ष वेधले. तेव्हापासून लेवेनहूक सोसायटीला पत्रे पाठवू लागले. मधमाशीची नांगी, ऊ, झाडाचे लाकूड, रक्त, जे हाती लागेल ते पाहायचे आणि डचमध्ये लिहून कळवायचे. १६७४ मध्ये त्यांनी गावाजवळच्या तळ्याचे पाणी पाहिले, त्यात हलणारे सूक्ष्म जीव दिसले. मग त्यांनी मिरी पाण्यात भिजवली. मिरी तिखट का लागते, तिच्यावर बारीक काटे असतात का, हे त्यांना पाहायचे होते. काटे दिसले नाहीत. पण काही आठवड्यांनी त्या पाण्यात इतके बारीक जीव दिसले की तळ्यातले जीव त्यांच्यापुढे अवाढव्य वाटावेत. ऑक्टोबर १६७६ च्या पत्रात त्यांनी हे कळवले. माणसाने जिवाणू पाहिल्याची ही पहिली नोंद मानली जाते.

लंडनला लोकांचा विश्वास बसेना. पाण्याच्या एका थेंबात हजारो जीव? लेवेनहूक यांनी गावातल्या धर्मोपदेशकांसह आठ प्रतिष्ठितांना बोलावले, त्यांना भिंगातून दाखवले आणि त्यांच्या सह्यांची पत्रे पाठवली. अखेर १६७७ मध्ये रॉबर्ट हूक यांनी लंडनमध्ये हाच प्रयोग करून जीव प्रत्यक्ष दाखवले. १६८० मध्ये लेवेनहूक रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. सोसायटीच्या सभेला मात्र ते कधीच गेले नाहीत. आपले गाव, आपले घर आणि आपली भिंगे यांतच ते रमले.

दातांवरचा पांढरा थर

आता आपण तुमच्या प्रश्नाच्या जवळ आलो आहोत.

१७ सप्टेंबर १६८३ च्या पत्रात लेवेनहूक यांनी स्वतःच्या दातांबद्दल लिहिले. तेव्हा ते पन्नास वर्षांचे होते. रोज सकाळी मिठाने दात घासायचे, पाण्याने चूळ भरायची, जेवल्यावर काडीने मागच्या दाढा कोरायच्या आणि कापडाने दात पुसायचे असा त्यांचा नेम होता. त्या काळाच्या मानाने दात उत्तम होते. तरीही दाढांच्या मध्ये भिजवलेल्या पिठासारखा पांढरट थर साठत असे. त्यांनी तो थर थोडा काढला, स्वच्छ पावसाच्या पाण्यात कालवला आणि भिंगाखाली धरला. त्यात जिवंत, वळवळणारे जीव होते. काही सरळ बाणासारखे पळत होते, काही भोवऱ्यासारखे गरगरत होते. त्यांनी त्यांची चित्रेही पाठवली.

मग त्यांनी इतरांकडे मोर्चा वळवला. दोन वृद्धांच्या तपासणीची नोंद आपल्या कामाची आहे. पहिले गृहस्थ व्यसनांपासून दूर राहणारे होते. त्यांच्या लाळेत लेवेनहूक यांना एकही जीव दिसला नाही, पण दातांवरच्या थरात मात्र जीवच जीव होते. दुसऱ्या गृहस्थांना ब्रँडी, वाइन आणि तंबाखूची सवय होती. इतकी दारू रोज तोंडातून जाऊनही थरातले सगळे जीव मेलेले नव्हते.

यावरून लेवेनहूक यांनी पुढचा प्रयोग केला. त्यांनी वाइनपासून बनवलेले जहाल व्हिनेगर तोंडात घेतले, दात मिटून ते खळखळून फिरवले आणि नंतर साध्या पाण्याने चूळ भरली. मग दातांवरचा थर काढून पाहिला. त्यात, विशेषतः दोन दातांच्या मधल्या थरात, अजून असंख्य जीव जिवंत होते. इथेच कुणी थांबला असता तर त्याने निष्कर्ष काढला असता की व्हिनेगरने हे जीव मरत नाहीत. लेवेनहूक थांबले नाहीत. त्यांनी तोच थर पाण्यात कालवून सुटा केला आणि त्या पाण्यात अगदी थोडे व्हिनेगर टाकले. सगळे जीव लगेच मेले.

जीव तेच आणि व्हिनेगरही तेच. फरक एवढाच की एकदा ते थरात चिकटून होते आणि एकदा पाण्यात सुटे होते. लेवेनहूक यांनी निष्कर्ष लिहून ठेवला: चूळ भरल्यावर व्हिनेगरने थराच्या बाहेरच्या बाजूचे जीव मारले, पण ते थराच्या आतपर्यंत पोहोचले नाही.

तुमचा रिपोर्ट आणि तो प्रयोग

तुमच्या हातातला ‘सेन्सिटिव्ह’ रिपोर्ट म्हणजे लेवेनहूक यांच्या प्रयोगाचा दुसरा भाग आहे. लॅबमध्ये जंतू पुवातून वेगळे काढतात, पोषक माध्यमात वाढवतात आणि या सुट्या, वाढत्या जंतूंवर औषध टाकून पाहतात. ते मरतात. रिपोर्ट खोटा नसतो. पण तुमच्या कृत्रिम सांध्याच्या धातूवर किंवा प्लास्टिकवर तेच जंतू सुटे नसतात. ते प्रयोगाच्या पहिल्या भागातल्यासारखे थर करून बसलेले असतात. या थराला आज आम्ही बायोफिल्म म्हणतो.

घरातली पाण्याची टाकी बरेच दिवस धुतली नाही की आतून बुळबुळीत लागते. तो बायोफिल्मच. ती कशी तयार होते ते थोडक्यात पाहू. एखादा जिवाणू पृष्ठभागाला चिकटतो, वाढतो, आणि सगळे मिळून स्वतःभोवती चिकट लगदा तयार करतात. यात साखरेसारखे लांब रेणू, प्रथिने आणि मेलेल्या जिवाणूंचा डीएनए असतो. शरीराच्या पांढऱ्या पेशी सुट्या जंतूला गिळू शकतात, पण या लगद्यात त्यांचे फारसे चालत नाही. जिवंत हाडामांसाला रक्तपुरवठा असतो, त्यातून पांढऱ्या पेशी आणि औषध पोहोचते. धातूला रक्तपुरवठा नसतो. म्हणून एरवी निरुपद्रवी वाटणारे, आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर राहणारे स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिससारखे जंतूसुद्धा कृत्रिम सांध्यावर ठाण मांडतात.

लेवेनहूक यांचा निष्कर्ष बराचसा बरोबर होता, पण पूर्ण नव्हता. काही औषधे थराच्या आत पोहोचतात. अडचण अशी की खोलवरचे जंतू सुस्तावलेले असतात. त्यांना अन्न आणि ऑक्सिजन कमी मिळतो, ते जवळजवळ वाढतच नाहीत. आपली पुष्कळशी अँटिबायोटिके वाढणाऱ्या जंतूंवरच चांगली चालतात. कोर्स सुरू असताना वरचे आणि सुटे जंतू मरतात, पू थांबतो, ताप उतरतो. कोर्स संपला की आतले जागे होतात. तुम्हाला वाटते आजार उलटला. खरे तर तो गेलाच नव्हता.

हे जंतू एकमेकांशी ‘बोलतात’ही. प्रत्येक जिवाणू काही रासायनिक खुणा बाहेर सोडतो. आसपास जिवाणू कमी असतील तर त्या विरून जातात. गर्दी झाली की खुणांचे प्रमाण वाढते आणि सगळे एकदम वागणूक बदलतात. सोसायटीच्या सभेत कोरम भरल्याशिवाय ठराव होत नाही, तसेच हे आहे आणि शास्त्रज्ञांनी नावही तेच दिले आहे: कोरम सेन्सिंग. १९७० मध्ये समुद्रातल्या चमकणाऱ्या जिवाणूंमध्ये हे प्रथम स्पष्ट झाले. संख्या पुरेशी झाल्यावरच ते उजेड पाडत. काही जंतू अशा खुणांवरून थर बांधायला घेतात, तर काही थरातून सुटून दुसरीकडे जायचे ठरवतात. ही बोली बंद पाडणारी औषधे शोधण्याचे काम सुरू आहे. तुमच्या सांध्यासाठी मात्र आज तसे औषध हातात नाही. कुणी तसे सांगून विकत असेल तर सावध राहा.

शेवटची वर्षे

लेवेनहूक दातांच्या थराकडे पुढेही वळले. १६९२ मध्ये त्यांना पुढच्या दातांवर जीव सापडेनात. आपण सकाळी गरमागरम कॉफी पितो, त्याने ते मेले असावेत असा त्यांनी अंदाज केला. पण कॉफी नीट न पोहोचणाऱ्या मागच्या दाढांवर जीव होतेच. पुन्हा तोच धडा: जिथे मारा पोहोचत नाही, तिथे ते टिकतात.

तोवर त्यांची कीर्ती पसरली होती. १६९८ मध्ये रशियाचा झार पीटर डेल्फ्टजवळून जात असताना त्याने त्यांना आपल्या नावेवर बोलावले. लेवेनहूक यांनी त्याला ईल माशाच्या शेपटीत वाहणारे रक्त दाखवले. पन्नास वर्षांत त्यांनी रॉयल सोसायटीला दोनशेच्या आसपास पत्रे पाठवली.

अखेरच्या काळात त्यांना पोटाच्या वरच्या भागात जोरात धडधड होई आणि श्वास अडके. डॉक्टर म्हणाले हृदयाची धडधड आहे. त्यांना ते पटले नाही, कारण नाडी शांत चालली होती. हे छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासपटलाचे झटके आहेत असे त्यांचे मत होते. आजारपणातही त्यांनी ते लिहून कळवले. या दुर्मिळ आजाराला आज त्यांचेच नाव आहे. २६ ऑगस्ट १७२३ रोजी, नव्वदाव्या वर्षी ते गेले. डेल्फ्टच्या जुन्या चर्चमध्ये त्यांना पुरले. मारियाने त्यांच्या इच्छेप्रमाणे चांदीचे २६ सूक्ष्मदर्शक रॉयल सोसायटीला पाठवले. ते पुढे हरवले.

त्यांचे निरीक्षण कुणी पुढे नेले?

लेवेनहूक यांच्यामागे कुणी शिष्य नव्हता. जिवाणू पाहिल्याच्या त्यांच्या पत्राला बरोबर दोनशे वर्षे झाली तेव्हा, १८७६ मध्ये, रॉबर्ट कॉक यांनी एक ठरावीक जिवाणू एक ठरावीक आजार घडवतो हे अँथ्रॅक्समध्ये दाखवले. त्यानंतरचे सगळे वैद्यकशास्त्र सुट्या जंतूंवर उभे राहिले. लॅबमध्ये जंतू शुद्ध वाढवायचा, त्यावर औषध तपासायचे. न्यूमोनिया किंवा टायफॉइडसारख्या आजारांत ही पद्धत उत्तम चालली. थराची गोष्ट मागे पडली.

१९५८ मध्ये स्वीडनमध्ये माणसाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला गेला. १९६० च्या दशकात कृत्रिम खुबे आणि हृदयाच्या कृत्रिम झडपा आल्या. शरीरात धातू आणि प्लास्टिक आले आणि त्यांच्याबरोबर कोर्सवर कोर्स देऊनही न जाणारे संसर्ग आले. १९७८ मध्ये कॅनडातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बिल कॉस्टर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले की निसर्गात जिवाणू बहुतांशी चिकटून, थर करूनच राहतात. १९८२ मध्ये त्यांच्या गटाने एका रुग्णाच्या पेसमेकरची वायर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. त्या रुग्णाला भरपूर अँटिबायोटिक देऊनही रक्तातला संसर्ग उलटला होता. वायरवर जंतूंचा जाड थर होता. लेवेनहूक यांच्या चुळीनंतर तीनशे वर्षांनी तेच दृश्य पुन्हा समोर आले, या वेळी हृदयाजवळ.

मग तुम्ही काय करायचे?

इथे मला माझी एक चूक सांगायला हवी. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक आजोबा आले. खुब्याचा सांधा बदललेला, व्रणातून चिकट पाणी येत होते. मी अँटिबायोटिक दिले. बरे वाटले. परत आले, मी औषध बदलून दिले. तिसऱ्या वेळी सर्जनकडे पाठवले. सर्जननी सांध्यातले पाणी तपासायला दिले तर त्यात काही उगवले नाही, कारण माझ्या गोळ्यांनी सुटे जंतू मारले होते. थरातले शाबूत होते. कोणता जंतू आहे हे शोधण्यात आठवडे गेले. आजोबांचा सांधा शेवटी काढावा लागला. आधी पाठवले असते तर कदाचित वाचला असता. तेव्हापासून मी पुढच्या गोष्टी प्रत्येकाला सांगतो.

* आधी नमुना, मग औषध. कृत्रिम सांध्यावर लाली, सूज किंवा पू दिसला तर घरातल्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका, मेडिकलमधून परस्पर आणू नका. ज्यांनी सांधा बसवला त्या सर्जनना आधी दाखवा. सांध्यातले पाणी काढून तपासल्यावर औषध सुरू झाले तर निदान नेमके होते. मात्र थंडी वाजून खूप ताप, गुंगी, धाप किंवा बीपी कमी होणे असेल तर ती इमर्जन्सी आहे. तेव्हा लगेच मोठ्या हॉस्पिटलात जा. तिथे औषध थांबवून ठेवत नाहीत.

* ताप नाही म्हणून निश्चिंत राहू नका. थरातला संसर्ग पुष्कळदा शांत असतो. बरा झालेला सांधा पुन्हा दुखू लागणे, रात्री ठणकणे, सैल वाटणे, एवढेच लक्षण असू शकते. व्रणाला छिद्र पडून वारंवार पू येत असेल तर संसर्ग सांध्यापर्यंत गेला आहे असेच धरून चालावे लागते.

* लवकर गेलात तर सांधा वाचू शकतो. संसर्ग काही दिवस-आठवड्यांचाच असेल तर सर्जन सांधा उघडून सगळा थर खरवडतात, धुतात, मधला प्लास्टिकचा भाग बदलतात आणि धातू तसाच ठेवतात. हे म्हणजे लेवेनहूक यांचा दुसरा प्रयोग: आधी थर मोडायचा, मग औषध द्यायचे. थर जुना झाला असेल तर मात्र सांधा काढून नवा बसवावा लागतो. कधी एकाच ऑपरेशनमध्ये, कधी दोन टप्प्यांत. दोन टप्प्यांत मध्ये काही आठवडे ते महिने अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा ठेवतात.

* औषधाचा काळ लांबलचक असतो. ऑपरेशननंतरही बहुधा सहा ते बारा आठवडे औषध चालते. स्टॅफिलोकॉकस असेल आणि धातू आत ठेवला असेल तर दुसऱ्या औषधाच्या जोडीला रिफाम्पिसिन देतात. ही टीबीची गोळी म्हणून आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. ती दिली म्हणजे तुम्हाला टीबी झाला असे नाही. थरातल्या सुस्त जंतूंवर ती चालते म्हणून देतात. लघवी केशरी होते, घाबरू नका. ती एकटी कधी घेऊ नका, जंतू तिला पटकन दाद देईनासे होतात. इतर औषधे चालू असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसह अनेक औषधांचा परिणाम ती कमी करते.

* पेसमेकरच्या जागी पू आला तर केवळ गोळ्यांवर भागत नाही. बहुतेक वेळा यंत्र आणि वायरी दोन्ही काढून, संसर्ग गेल्यावर नवे बसवावे लागते.

* लघवीची नळी बरेच दिवस असेल तर तिच्यावरही थर होतोच आणि लघवीच्या तपासणीत जंतू दिसतात. ताप किंवा इतर त्रास नसेल तर त्यासाठी सहसा अँटिबायोटिक लागत नाही. त्रास असेल तर नळी बदलून नव्या नळीतून नमुना द्यावा.

* दात रोज घासा. माउथवॉशने थर जात नाही, ब्रशने खरवडूनच जातो. हृदयाची कृत्रिम झडप असेल तर दाताच्या काही उपचारांआधी अँटिबायोटिकचा डोस लागतो. दातांच्या डॉक्टरांना झडपेबद्दल आधीच सांगा. फक्त कृत्रिम सांधा असेल तर असा डोस बहुतेकांना लागत नाही. तरी आपल्या सर्जनना विचारा.

सांधा बदललेल्या शंभर जणांपैकी साधारण एक-दोघांनाच असा संसर्ग होतो. म्हणून ऑपरेशनला घाबरून दुखता गुडघा कुरवाळत बसू नका. पण संसर्ग झालाच आणि सर्जन खरवडायचे किंवा सांधा काढायचे म्हणाले, तर तिसरा कोर्स द्या असा आग्रह धरू नका. त्याऐवजी त्यांना हे विचारा: थर किती जुना असेल? सांधा वाचण्याची शक्यता किती? कोणता जंतू सापडला? औषध किती आठवडे? डिस्चार्जचे कागद आणि सांध्याचे कार्ड बरोबर न्या. शंका असेल तर दुसऱ्या सांधेरोपण तज्ज्ञांचे मतही जरूर घ्या, फक्त त्यात महिने घालवू नका. जितका वेळ जाईल तितका थर पक्का होतो.

डेल्फ्टच्या त्या दुकानदाराला अँटिबायोटिक हा शब्दही ठाऊक नव्हता. तरी चूळ भरून जे मेले नाहीत, ते थर मोडल्यावर थेंबभर व्हिनेगरने मेले, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. पुढच्या वेळी सर्जनसमोर बसाल तेव्हा एवढे लक्षात असू द्या. ऑपरेशन सुचवले म्हणजे औषध हरले असे नव्हे. औषधाला जंतूपर्यंत पोहोचता यावे म्हणून आधी थर मोडावा लागतो.

*(ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. तुमच्या उपचारांचा निर्णय तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.)*